दहा युरोत आयरिश संगीताची बैठक: नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

आयर्लंडला शिकायला आलेल्या प्रत्येकाचा पहिला महिना साधारण सारखाच जातो. घराचं डिपॉझिट, बँकेचं खातं, इमिग्रेशनची नोंदणी, आणि मनातल्या मनात प्रत्येक युरोचे रुपये करत बसणं. अशात कुणी ‘आयरिश संगीत ऐकायला जाऊ या’ म्हटलं की आपण आधी तिकीट विचारतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते, या देशातलं सगळ्यात चांगलं पारंपरिक संगीत ऐकायला तिकीट लागत नाही. पबच्या एका कोपऱ्यात, साध्या टेबलाभोवती पाच-सात माणसं वाजवत बसलेली असतात. दाराशी कुणी पैसे मागत नाही, शेवटी टोपी फिरत नाही.

मी गॉलवेत मास्टर्स करत होते, आठवड्याला वीस तास कॅफेत काम करत होते, आणि संगीतासाठी आठवड्याचं बजेट दहा युरो होतं. त्यात वर्षभर जे ऐकलं ते पुढे अनेकांना तोंडी सांगितलं, आता एकदा नीट लिहून काढते. सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच देते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे: पाच गावांतली पाच सेशन्स एकेकदा ऐकण्यापेक्षा घराजवळचं एक सेशन पाच वेळा ऐका.

आधी सेशन म्हणजे काय ते समजून घ्या

या बैठकीला ‘सेशन’ म्हणतात, आयरिश भाषेत ‘सेशून’. हा कार्यक्रम नव्हे. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात, तुमच्याकडे पाठ असते. मंच नाही, बहुतेक ठिकाणी माइकही नाही, आज काय वाजवणार याची यादी नाही. एकजण धून सुरू करतो, ज्यांना येते ते दोन-चार स्वरांत सामील होतात, ज्यांना येत नाही ते हात मांडीवर ठेवून ऐकतात. गावच्या देवळातलं गुरुवारचं भजन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथेही मंडळी स्वतःसाठी आणि एकमेकांसाठी गात असतात, आपण भिंतीला टेकून बसलेले असतो.

पब मालक बहुधा दोन-तीन वादकांना पैसे देऊन बोलावतो, म्हणजे ठरलेल्या वेळी सुरुवात होते. बाकीचे हौसेने येतात. त्यात शाळामास्तर असतात, नर्स असतात, सुट्टीवर आलेला सुतार असतो. त्यांच्यातला कुणी देशभर नावाजलेला असू शकतो आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

गंमत म्हणजे पबमधली ही बैठक फार जुनी नाही. धुना शे-दोनशे वर्षांच्या असतील, पण त्या वाजत घराघरांतल्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, नाचासाठी. 1935 मध्ये सार्वजनिक नाचावर परवाना लावणारा कायदा आला, पाद्र्यांचाही घरगुती नाचांना विरोध होता, आणि ते नाच हळूहळू बंद पडत गेले. पुढे कामासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी तिकडच्या पबमध्ये एकत्र बसून वाजवायला सुरुवात केली, कारण भाड्याच्या खोल्यांमध्ये जागाच नव्हती. आयर्लंडमध्ये ही रीत 1950 आणि 60 च्या दशकांत रुजली. हे सांगायचं कारण एवढंच, की या बैठकीत अजूनही स्वयंपाकघराचेच नियम चालतात. तुम्ही कुणाच्या तरी घरात गेला आहात असं समजून वागलात तर फारसं चुकत नाही.

कुठे जायचं

डब्लिनमध्ये असाल तर टेंपल बार या पर्यटकांच्या भागातले दिवे पाहून घ्या, फोटो काढा आणि पुढे चालायला लागा. तिथे दुपारपासून संगीत सुरू असतं हे खरं, पण ते बहुतेक माइकवरचं, पर्यटकांना ओळखीची गाणी ऐकवणारं असतं, आणि पेयांचे भाव शहरात सगळ्यात चढे असतात. नदी ओलांडून पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चाललात की स्मिथफील्डच्या चौकाच्या टोकाला कॉबलस्टोन हा पब लागतो. लुआस ट्रामच्या रेड लाइनवर स्मिथफील्ड नावाचा थांबाच आहे. दारातून आत गेल्यावर उजव्या-डाव्या बाजूच्या बाकांकडे बघा, वादक तिथेच दिसतील. 2021 मध्ये या पबच्या भोवती आणि वर हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा शेकडो लोक, त्यात कितीतरी वादक, प्रतीकात्मक शवपेटी खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरले होते, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये महापालिकेने प्रस्ताव फेटाळला. संगीताच्या एका खोलीसाठी शहर असं उभं राहतं हे मला फार मोलाचं वाटतं.

मेरियन रो या रस्त्यावरचं ओडोनोहूज हे डब्लिनचं दुसरं ठिकाण. द डब्लिनर्स हा लोकसंगीताचा गट 1962 च्या सुमारास इथेच जमला. गर्दी असते, पण कॉलेज संपवून संध्याकाळी लवकर गेलात तर जागा मिळते. पावसाची दुपार असेल तर मेरियन स्क्वेअरला 73 क्रमांकाच्या घरात आयरिश पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे, 1987 मध्ये स्थापन झालेलं. तिथे जाऊन ध्वनिमुद्रणं ऐकता येतात, पुस्तकं चाळता येतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. रात्री सेशनला जायचं असेल त्या दिवशी दुपारी इथे दोन तास काढून पाहा, रात्री कान वेगळेच असतात.

गॉलवेत टीग कोली या पबमध्ये दिवसातून दोनदा सेशन होतं, संध्याकाळी आणि रात्री. मेनगार्ड स्ट्रीटचा कोपरा, गल्लीत उभं राहूनही ऐकू येतं. सी रोडवरचा क्रेन बार नदीच्या पलीकडे, दहा मिनिटांवर. तिथे खालच्या मजल्यावर सेशन असतं आणि वरच्या मजल्यावर तिकिटाच्या मैफली. खालचा मजला आपला.

क्लेअर हा जिल्हा या संगीताचं माहेर. सगळे डूलिनला धावतात, समुद्र आणि मोहेरचे कडे जवळ म्हणून. डूलिनही सुंदर आहे. व्हिसल, म्हणजे इथली छोटी बासरी, वाजवणारे मिको रसेल तिथलेच, आणि त्यांच्यामुळे त्या खेड्याचं नाव जगभर गेलं. पण हिशेबी विद्यार्थ्याला मी एनिस सुचवेन. एनिस जिल्ह्याचं मुख्य गाव आहे, गॉलवे आणि लिमरिक दोन्हीकडून थेट ट्रेन आहे, पर्यटकांचा मोसम संपला तरी पबमधलं संगीत थांबत नाही. डूलिनला जायची 350 क्रमांकाची बस गॉलवे आणि एनिस या दोन्ही टोकांवरून मिळते, पण सेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी परतीची शेवटची बस गेलेली असते. म्हणजे तिथे मुक्काम आलाच.

कॉर्कमध्ये कोबर्ग स्ट्रीटवर शिन ए हा पब आणि त्याच्या शेजारचं कॉर्नर हाउस. मेयोमध्ये वेस्टपोर्टला मॅट मोलॉय यांचा पब, द चीफटन्स या गाजलेल्या गटातले बासरीवादक ते हेच. डिंगलला द स्मॉल ब्रिज. डॉनेगल आणि स्लायगो मी इथे सोडून देते. दोन्हीकडे रात्रीची बस हा मोठा प्रश्न आहे, गाडी असलेला मित्र मिळाल्यावर जा.

आता जी गावं मी सांगितली नाहीत तिथे काय करायचं? वाद्यांच्या दुकानात जा. काउंटरवरचा माणूस बहुधा स्वतः वाजवणारा असतो. ‘या आठवड्यात चांगलं सेशन कुठे आहे?’ एवढंच विचारा. हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारलंत तर पर्यटकांच्या ठिकाणचं नाव मिळतं, दुकानात विचारलंत तर तो स्वतः जातो तिथलं. ‘द सेशन’ नावाची वेबसाइट आहे, तिच्यावर गावानुसार सेशन्सची यादी आणि हजारो धुनांचं नोटेशन फुकट मिळतं. यादीतली वेळ मात्र त्या दिवशी पबला फोन करून पक्की करा, कारण वादक आजारी पडतो, वार बदलतो, आणि वेबसाइटवर ते कुणी लिहीत नाही.

पबबाहेरच्या पाटीवरून बरंच कळतं. ‘ट्रॅड सेशन’ लिहिलं असेल तर आत जा, ट्रॅड म्हणजे पारंपरिक. नुसतंच ‘लाइव्ह म्युझिक’ असेल तर बहुधा गिटार घेतलेला एकटा गायक असतो. खिडकीतून डोकावून बघा: स्पीकरचे खांब दिसले की पुढे चला, टेबलावर चहाचे कप आणि खुर्च्यांखाली वाद्यांच्या पेट्या दिसल्या की दार ढकला.

कधी जायचं

शुक्रवार-शनिवार टाळा. गर्दीत संगीत ऐकूच येत नाही. माझी सगळ्यात चांगली सेशन्स सोमवार ते बुधवारची होती, तेव्हा वादकांपैकी बरेच हौशी असतात आणि गर्दीला काही ऐकवायचं दडपण नसतं. रविवारची दुपारही चांगली, विशेषतः ज्यांना रात्री लांब परतायचं आहे त्यांना. रात्रीचं सेशन साडेनऊचं असं लिहिलेलं असलं तर पहिली धून पावणेदहाला. पब आठवड्यात साधारण साडेअकराला आणि शुक्रवार-शनिवारी साडेबाराला पेय देणं थांबवतात, म्हणजे मधले दोन तास आपले.

17 मार्चला, सेंट पॅट्रिक डेला, ट्रॅड ऐकायला म्हणून शहराच्या मध्यात जाऊ नका. मिरवणूक बघा, घरी या, आणि 19 तारखेला जा.

पैशांचं गणित

डब्लिनमध्ये बस, ट्राम आणि डार्ट ही लोकल ट्रेन मिळून नव्वद मिनिटांचं भाडं लीप या प्रवासाच्या कार्डावर मोठ्यांना 2 युरो आणि स्टुडंट लीप कार्डावर 1 युरो पडतं. म्हणजे जाऊन-येऊन 2 युरो. हे कार्ड पहिल्या आठवड्यातच काढा, दुसऱ्या शहरात जाणाऱ्या बस आणि ट्रेनलाही सवलत मिळते. डब्लिन ते गॉलवे बस अडीच तासांत पोचते, आदल्या आठवड्यात ऑनलाइन काढलेलं तिकीट आयत्या वेळच्या तिकिटापेक्षा जवळजवळ नेहमी स्वस्त.

आत गेल्यावर काहीतरी विकत घ्यायचं, हा न लिहिलेला नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. पब मालक वादकांना पैसे देतो ते आपल्या ग्लासातून. पण ते पेय दारूच असायला हवं असं मुळीच नाही. अनेकांना, विशेषतः घरी कधी बाटली न पाहिलेल्या मुलींना, पबमध्ये पाऊल टाकायचाच संकोच असतो. मलाही होता. इथला पब म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे. आजी-आजोबा असतात, संध्याकाळी लहान मुलंही असतात, 2004 पासून आत धूम्रपान बंद आहे. मी वर्षभर सोडा आणि ब्लॅककरंटच्या सरबतावर काढलं, कधी चहावर. एकदाही कुणी भुवई उंचावली नाही. ज्यांना बिअर घ्यायची आहे त्यांनी ‘ग्लास’ मागावा: इथे ग्लास म्हणजे अर्धा पाइंट, आणि तो दोन तास पुरवता येतो. कुणी राउंड, म्हणजे तुमच्यासकट सगळ्या टोळक्याची पेयं, विकत घेतला तर पुढचा राउंड तुमच्यावर येतो, आणि सहाजणांचा राउंड म्हणजे महिन्याचं बजेट गेलं. म्हणून सुरुवातीलाच हसून म्हणा, ‘मी माझं माझं घेते.’ लोक समजून घेतात.

जेवून जा. बऱ्याच पबचं स्वयंपाकघर नऊला बंद होतं, त्यानंतर टेटोचे वेफर्स तेवढे मिळतात. शाकाहारींनी लवकर गेल्यास भाजीचं सूप आणि सोडा ब्रेड मागावा, पोट भरतं, पण सूप चिकनच्या पाण्यातलं नाही ना हे विचारून घ्यावं.

माझा आठवड्याचा हिशेब असा असायचा: दोन सरबतं किंवा एक सरबत आणि एक चहा, पाऊस फारच असेल तर बसचं भाडं, आणि उरलेले चार-पाच युरो एका डब्यात. त्या डब्यातूनच पुढे एनिसचं तिकीट निघालं.

बसायचं कुठे, वागायचं कसं

दुसऱ्याच आठवड्यात मी एका पबमध्ये भिंतीलगतच्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसले. सगळा पब भरलेला आणि हे एकच स्टूल मोकळं, मला वाटलं नशीब. सव्वानऊला साठीच्या एक बाई आल्या, हातात षटकोनी छोटी पेटी, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. फिडलवाल्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) आजोबांनी वाद्य लावता लावता माझ्याकडे पाहिलं, बारमागच्या मुलाने पाहिलं. मग तोच मुलगा येऊन हळूच म्हणाला, की या टेबलाच्या जागा वादकांच्या असतात. मी उठले, चेहरा तापला होता, निघायच्याच बेतात होते. त्या बाईंनी पेटीतून कॉन्सर्टिना, हातात धरून वाजवायचं भात्याचं छोटं वाद्य, काढला, गुडघ्यावर ठेवला आणि मागच्या बाकाकडे बोट केलं. म्हणाल्या, ‘तिथे बस, तिथून माझी बोटं दिसतील.’

त्या बाकावर मी पुढे वर्षभर बसले. तेव्हा पहिला नियम हा, की वादकांच्या टेबलाची रिकामी खुर्ची रिकामी नसते. दुसरी रांग धरा.

धून चालू असताना टाळ्यांचा ठेका धरू नका. आपल्याकडे कीर्तनात टाळी ही साथ असते, इथे ती वादकांची लय बिघडवते, कारण रील या प्रकारच्या धुनेचा वेग धावता असतो आणि खोलीतल्या चाळीस टाळ्या एकत्र पडत नाहीत. पायाने जमिनीवर हलका ठोका चालतो. धून संपल्यावर साधी टाळी, किंवा ‘लव्हली’ एवढं पुरे. मध्येच कुणी जाणकार ‘हप!’ म्हणतो, ती इथली दाद. ती कुठे द्यायची हे कळायला वेळ लागतो, घाई करू नका.

वाद्यांवर वाजणाऱ्या धुनांच्या वेळी हळू बोललेलं चालतं. पण कुणी एकट्याने गायला सुरुवात केली, की संपूर्ण शांतता. कुणीतरी ‘श्श’ म्हणतं किंवा आयरिशमधून ‘क्यूनस’, म्हणजे शांत व्हा. त्या वेळी बारवर जाऊन ऑर्डरही द्यायची नाही. बारमागचा मुलगासुद्धा ग्लास धुणं थांबवतो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर धुनांच्या मधल्या वेळात विचारा. मोबाइल टेबलावर ठेवून आवाज टिपायला बहुतेक हो म्हणतात, तोंडासमोर धरलेला कॅमेरा कुणालाच आवडत नाही. फर्माईश करू नका, हे सेशन आहे. आणि बौरान, म्हणजे बकऱ्याचं कातडं लावलेली ती डफासारखी चकती, कुणी बाजूला ठेवलेली दिसली तरी उचलू नका. तबला-ढोलकी येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते: तुमचे हात शिवशिवतील हे मला माहीत आहे, पण एका सेशनला एकच बौरान ही इथली जुनी समजूत आहे.

काय ऐकायचं

पहिल्या रात्री सगळं एकसारखं वाटतं. धून कधी संपली आणि दुसरी कधी लागली हेच कळत नाही. त्याला एक सोपा धागा आहे. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात, पहिला खालच्या स्वरांत, दुसरा वरच्या. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, झालं एक आवर्तन. असं दोन-तीनदा करून न थांबता पुढच्या धुनेत उडी. अशा दोन-तीन धुना मिळून एक ‘सेट’. ज्या क्षणी धून बदलते त्या क्षणी टेबलावरचे सगळे सुरुवात करणाऱ्याकडे बघत असतात. तुम्हीही त्याच्याकडे बघा, बदल आधी डोळ्यांना दिसतो.

ताल मोजायला आपल्याकडचं सामान उपयोगी पडतं. जिग सहाची, मनात दादरा धरला तर बसते. रील चारची, केरव्याच्या अंगाने मोजा. स्लिप जिग नऊची. पोल्का दोनची, आणि ती जोरात ऐकायची असेल तर कॉर्क आणि केरीच्या सीमेवरचा श्लीव लूख्रा भाग गाठा. पण मात्रा जुळल्या तरी चाल जुळत नाही हेही सांगायला हवं. इथे दोन सलग स्वर सारख्या लांबीचे नसतात, पहिला किंचित रेंगाळतो, आणि तो किती रेंगाळतो यावरून जाणकार माणूस वादकाचा जिल्हा सांगतो. क्लेअरमध्ये वेग कमी आणि डुलणं जास्त. डॉनेगलच्या फिडलमध्ये गज झपझप, स्वर सुटे.

हे फरक एके काळी आणखी ठळक होते. स्लायगोचा मायकल कोलमन नावाचा फिडलर 1914 मध्ये अमेरिकेला गेला आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कला त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. नातेवाइकांनी त्या पोस्टाने आयर्लंडला पाठवल्या, खेड्यापाड्यांतल्या फिडलवाल्यांनी त्या ऐकून ऐकून उचलल्या, आणि स्लायगोची ढब देशभर पसरली. काहींनी तर आपली स्थानिक ढब सोडूनच दिली. कोलमनचं मुद्रण आज इंटरनेटवर सहज मिळतं. एकदा ऐकून मग सेशनला जा, फिडल ऐकताना त्याच्या सावल्या सापडतात.

इलन पाइप्स दिसले तर नशीबवान समजा. इलन म्हणजे कोपराचे. हा पाइप तोंडाने फुंकत नाहीत, एका कोपराखालच्या भात्याने हवा भरतात, दुसऱ्या कोपराखालच्या पिशवीने ती दाबतात, आणि बोटं वेगळंच काम करत असतात. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जवळ बसा, पण भात्याच्या बाजूला नको, कोपराला जागा लागते.

उत्सव

दोन तारखा कॅलेंडरवर टाका. जुलैच्या सुरुवातीला क्लेअरमधल्या मिलटाउन मालबे या चिमुकल्या गावात विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. क्लॅन्सी हे पाइपवादक, 1973 च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने हे सुरू झालं. वर्गांना फी आहे, पण गावभर चालणारी सेशन्स फुकट, सकाळपासून पहाटेपर्यंत. राहायला जागा मिळत नाही हे गृहीत धरा. तंबू न्या, किंवा एनिसला राहून दिवसाची फेरी करा.

दुसरा ऑगस्टमधला फ्ला, पूर्ण नाव ‘फ्ला ख्योल’. 1951 मध्ये स्थापन झालेली कोलतस ही संस्था तो भरवते, पहिला मलिंगरला झाला, आणि यजमान गाव बदलत राहतं. रस्त्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर आठ-दहा वर्षांची मुलं घोळक्याने वाजवत असतात. स्पर्धांना तिकीट, रस्त्याला नाही. 2024 आणि 2025 ला तो वेक्सफर्डला होता, 2026 साठी बेलफास्ट ठरलं आहे. इथे आपल्या मुलांनी सावध व्हा. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. वाटेत चौकी दिसत नाही, डब्लिनहून बस सरळ जाते, म्हणून अनेकजण निघतात. पण भारतीय पासपोर्टवर इथला विद्यार्थी परवाना तिकडे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. एका रीलसाठी पुढच्या सगळ्या व्हिसा अर्जांवर डाग नको.

वाजवायचं असेल तर

डी पट्टीची टिन व्हिसल घ्या, साधी साधारण दहा-पंधरा युरोंना मिळते. सहा भोकं, आपल्या बासरीसारखीच, आणि फुंक साधायची गरज नाही कारण तोंडाशी शिट्टीचीच रचना असते. बासरी येणाऱ्याला पहिली धून एका संध्याकाळी जमते. बहुतेक धुना डी आणि जी पट्टीत असतात, म्हणून एकच व्हिसल पुरते. मींड मात्र विसरावी लागते. इथली नजाकत बोटांच्या झटक्यांत आहे, स्वर ओढण्यात नाही. मींड फक्त संथ धुनांमध्ये, म्हणजे ‘एअर्स’मध्ये येते.

कॉलेजमध्ये ट्रॅड सोसायटी असते. सप्टेंबरच्या सोसायट्यांच्या मेळाव्यात काही युरोंत सभासद व्हा, नवशिक्यांचे वर्ग आणि संथ सेशन तिथेच मिळतात, वाद्यही कधी उसनं मिळतं. कोलतसच्या गावोगावच्या शाखांतही वर्ग चालतात. मोठ्यांच्या सेशनमध्ये व्हिसल घेऊन जायचं ते किमान पंधरा-वीस धुना पाठ झाल्यावर, आणि तेही आधी विचारून. जी धून येत नाही तिथे अंदाजाने वाजवायचं नाही, हात मांडीवर.

आणि एक गाणं तयार ठेवा

याची कल्पना मला कुणी आधी दिली नव्हती. पब रिकामा असलेल्या रात्री गाणं गाणारा, गाणं संपल्यावर पुढच्या गाणाऱ्याचं नाव घेतो. याला नोबल कॉल म्हणतात. नाव आलं की नाही म्हणणं बरं दिसत नाही. फेब्रुवारीतला मंगळवार होता, बाहेर वारा-पाऊस, आत मोजून दहा माणसं. कॉन्सर्टिनावाल्या बाईंनी आयरिशमधलं एक शॅन-नोस, म्हणजे जुन्या ढबीचं, गाणं म्हटलं. साथ नाही, ताल नाही, डोळे मिटलेले, आणि शेजारच्या माणसाने त्यांचा हात हातात घेऊन कडव्यागणिक हलकेच फिरवलेला. गाणं संपलं, त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मला एकही सिनेमाचं गाणं पूर्ण आठवेना. आठवली ती आजीची जात्यावरची ओवी. तीन ओव्या म्हटल्या, तशाच, विनासाथ. ओवी आणि शॅन-नोस दोन्ही एकट्या आवाजासाठीच आहेत, त्यामुळे कुणाला काही उणं वाटलं नाही. तेव्हा तुम्हीही असंच काहीतरी ठेवा: ओवी, भूपाळी, एखादा अभंग, दोन-तीन कडवी, मोबाइलमध्ये न बघता म्हणता येतील अशी. आणि अर्थ विचारतात, तोही दोन वाक्यांत सांगता यायला हवा. मला जात्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सापडेना. मी खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवून दाखवला. फिडलवाले आजोबा लगेच म्हणाले, ‘क्वर्न!’ त्यांच्या आजीच्या अंगणात, तुटलेल्या वरच्या तळीसकट, तसंच एक पडलेलं असायचं.